एका ताटातला घास



परदेशाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, "तिकडे खाण्याचे हाल झाले असतील?" २००९ साली अध्यापनासाठी इथिओपियात निघालो तेव्हा मीही तीच धास्ती घेऊन मेतकुटाचे दोन डबे बांधले होते. त्यातला एक तसाच परत आला.

तिथले मुख्य अन्न इंजेरा. टेफ नावाचे खसखशीएवढे बारीक धान्य. त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मातीच्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वर सुरेख जाळी पडते. आपली आंबोलीच म्हणा, पण हातभर रुंद आणि चांगली आंबट. त्यावरच कालवणे वाढतात. त्यातले एक शिरो. नावावरून शिऱ्याची आशा धरू नये; ते हरभऱ्याच्या वा वाटाण्याच्या पिठाचे झणझणीत पिठले! तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी ५५ दिवस उपास करतात. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य; डाळ आणि पिठले चालते. आमच्या घरी उपासाला दूध चाले, डाळ चालत नसे! माझ्यासारख्या शाकाहाऱ्याने खाणावळीत 'उपासाचे द्या' म्हटले की काम भागे.

तेव्हा अडचण जिभेची नव्हती, ताटाची होती. सगळे घर, पाहुण्यासकट, एकाच ताटाभोवती बसते आणि एकाच इंजेऱ्याचे तुकडे मोडते. मी वाढलो त्या घरात सख्ख्या भावाच्या ताटातला घासही उष्टा. पहिल्याच आमंत्रणात सहकाऱ्याच्या आईने इंजेऱ्यात शिरो गुंडाळून घास माझ्या तोंडापुढे धरला. याला गुर्शा म्हणतात. तो पाहुण्याचा मान. मी हात आडवा केला. म्हातारी काही बोलली नाही. पुढे कॉफी झाली. समोर बिया भाजून, कुटून, तीन वेळा कप भरतात. तिन्ही वेळा तिने माझ्याकडे पाहिले नाही. आपल्याकडे लग्नात वधूवर एकमेकांना घास भरवतात, हे मला घरी परतल्यावर आठवले. इतके शिकून ऐन वेळी उपयोग शून्य!

महिन्याने पुन्हा गेलो. तिने घास पुढे केला नाही. मग मीच एक कसाबसा गुंडाळून तिच्यापुढे धरला. निम्मा शिरो मनगटावर ओघळला. तिने तो खाल्ला, खदखदून हसली आणि लगेच माझ्या तोंडात एक कोंबला, मग दुसरा. एका घासावर थांबायचे नसते म्हणे. तिसऱ्याला मी आपणहूनच तोंड उघडले.