परतीचा आहेर आणि वहीतला चौथा रकाना

लग्नसराई आली की मला एक मेसेज हमखास येतो, "अगं, रिटर्न गिफ्ट काय देऊ? तू काय दिलं होतंस?" प्रत्येकीला तेच टाइप करण्यापेक्षा आज एकदाच सांगून टाकते.

माझ्या लग्नाला साडेतीनशे माणसं होती. आधी एक्सेल उघडलं, सवयच ती. माझ्या डोक्यात मग होते, त्यावर आमची नावं, तारीख, हॅशटॅग वगैरे. सॅम्पल मागवलं आणि आईला दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नातला असाच मग होता ना? कुठंय तो?" तो बाथरूममध्ये होता. त्यात टूथब्रश. विषय संपला.

मग तुळशीचं रोप. कल्पना छान आहे, पण आमचं लग्न मे महिन्यात आणि अर्धी मंडळी सोलापूर-लातूरकडून गाड्या करून येणार. दुपारभर बंद गाडीत रोपाचं काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, परतीचा आहेर. पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना खण-नारळ. टॉवेल-टोपीला हसू नका हं. चांगला सोलापुरी टॉवेल घरात वर्षानुवर्षं वापरला जातो. नारळही कधी वाया जात नाही. ऑफिसात नारळ मिळाला तर नोकरी गेली, लग्नात मिळाला तर निदान चटणी होते.

हसायचंच तर खणाच्या नावाखाली देतात त्या ब्लाउजपीसला हसा. 80 सेंटीमीटरचं विरळ कापड, शिलाई कापडाच्या कितीतरी पट. म्हणून तो कुणी शिवतच नाही, कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात पुढे सरकतो. आईच्या कपाटात मला एक पीस मिळाला. वरच्या चिठ्ठीवर आईचंच अक्षर. म्हणजे आम्हीच कुणाला तरी दिलेला, घरं फिरून आमच्याकडे परत आलेला!

खरा खण वेगळा. तो कर्नाटकात बागलकोटकडे गुळेदगुड्डला विणतात, अरुंद पन्ह्याचा, चोळीपुरता. आम्ही तोच मागवला. महाग पडला, म्हणून जवळच्या नव्वद बायकांनाच खण दिला, बाकी सगळ्यांना नारळ आणि लाडू. सगळ्यांना एकसारखंच द्यायला हवं असं मला वाटत नाही. काकूला आणि माझ्या मॅनेजरला एकच वस्तू कशाला?

आता या नव्वद जणी ठरवायच्या कशा? त्यासाठी आईने दादाच्या लग्नातली आहेराची वही काढून दिली. लाल पुठ्ठ्याची, लांबट. चार रकाने : नाव, आलेला आहेर, दिलेला आहेर, ओटी. चौथ्या रकान्यात बरोबरच्या खुणा, पण सात नावांपुढे नुसती रेघ. मला वाटलं, या आल्या नसतील. मग आत्याचं नाव दिसलं. आत्या तर आठ दिवस आधी येऊन लाडू वळत बसली होती. तिला साडी दिलेली होती. ओटीपुढे रेघ.

सातही जणींचे नवरे गेलेले होते.

आईने काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी ती फक्त यादी होती. मी विचारलं तर म्हणाली, "हे मी ठरवलंय का गं? आणि तिलाच चालायचं नाही." मला राग आला, पण तो माझाही होता. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी ती बातमी मोठ्या उत्साहात स्टेटसला ठेवली होती. आमच्या घरातली वही मात्र तोवर कधी उघडून पाहिली नव्हती.

आत्याला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, "चारचौघांत नको बाई. तुझं कौतुक होईल, माझा तमाशा होईल." हे मला सुचलंच नव्हतं. मी स्टेजवर, फोटोग्राफरसमोर वगैरे ठरवून बसले होते.

मग ग्रहमखाच्या दिवशी पहाटे, स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना मी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. कुंकू लावायला गेले तर तिने कपाळ मागे घेतलं. "हळद लाव, ते राहू दे." मी हळद लावली. बाकी सहा जणींपैकी पाच आल्या होत्या. तिघींनी घेतलं, दोघी नको म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

माझ्या लग्नाची वही आईनेच लिहिली, चौथ्या रकान्यासकट. आत्याच्या नावापुढे तिने बरोबरची खूण केली, जरा थांबली आणि कंसात लिहिलं, 'स्वयंपाकघरात'.

आत्याने त्या खणाची चोळी नाही शिवली. पिशवी शिवली, भाजीला नेते. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा त्यात मेथीच्या दोन जुड्या होत्या.

तर विचारणाऱ्या मैत्रिणींनो, खणवाल्यांचा नंबर पाठवते. पण लवकर सांगा, हातमागावर विणायला वेळ लागतो.