कहाणीला हुंकार हवा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान घरात आले की शेकोटीभोवती गप्पा रंगतात. कुणी एकदम कहाणी सुरू करीत नाही. आधी ‘परवा काय झालं, माहीत आहे का?’ असा खडा टाकतो. समोरच्याने ‘काय झालं?’ म्हटले की मगच पुढे जातो. मधूनमधून हुंकार लागतो. आणि एकाचा वाघ संपला की दुसऱ्याला आपला वाघ आठवतोच! हार्वे सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकून हेच दाखवले. कहाणी सांगणारा आणि ऐकणारा मिळून ती घडवतात.

संशोधकाच्या मुलाखतीत हुंकाराची जागा प्रश्नावली घेते. उत्तरे देताना लोक कहाण्या सांगतात आणि विचारणारे त्या विषयांतर म्हणून तोडतात, अशी तक्रार एलियट मिश्लर यांनी १९८६ मध्येच केली होती.

याचे आपल्याला काय? फार आहे. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या २००८च्या नियमांनुसार दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा ठरते. आदिवासी नसलेल्यांना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे दाखवायची असतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलालगतच्या गावांत एवढे जुने कागद कितीजणांच्या पेटीत असणार?

आता एखाद्या आजोबांना विचारा, ‘हे जंगल केव्हापासून वापरता?’ ते साल सांगत नाहीत. ‘माह्या बापाचं लगन झालं, त्या साली दुकाळ पडला होता...’ अशी सुरुवात करतात. लिहिणारा घाईत. ‘आजोबा, साल सांगा, साल!’ कहाणी तुटली. मोहफुले कुठे वेचली, गुरे कोणत्या बोडीवर पाजली, देव कुठे बसवला, हे त्यात पुढे येणार होते. हक्काच्या खुणा त्याच. कागदावर उरते ते ‘पूर्वापार वापर आहे’. हे वाक्य कोणत्याही गावाला चालेल, म्हणूनच ते दुबळे.

मी कथनासोबत माझा प्रश्नही लिहितो. कशाचे उत्तर आहे ते वाचणाऱ्याला कळायला हवे. मुलाखत एकट्याचीच हवी, हा पुस्तकी आग्रह इथे मला पटत नाही. आजोबा दुकाळावर आले की आतून आजी ओरडतात, ‘दुकाळ नाही जी, पटकी होती ते!’ मग दोघांचा वाद जुंपतो, शेजारी येऊन बसतो, आणि वहीची चार पाने भरतात.