निम्मं आमचं, निम्मं पालिकेचं

गावोगावच्या बागा-मैदानं राखणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

दादरमध्ये आपलं मनापासून स्वागत. दुपारची गटचर्चा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ठेवली आहे. मैदानांविषयी दिवसभर बंद सभागृहात बोलणं आम्हालाच पटेना.

स्वागताध्यक्षाने जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. पण बसण्याआधी एक मागणी मांडतो.

मुंबईत बागा-मैदानं देखभालीसाठी दत्तक द्यायची पद्धत रुळली. ओव्हल मैदानासाठी रहिवासी कोर्टात गेले, पदरमोड केली, म्हणून ते मैदान आज धड आहे. पण इतरत्र दत्तक भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि फाटकं सभासदांपुरती उघडू लागली. म्हणूनच जानेवारी 2016 मध्ये मंजूर झालेल्या दत्तक धोरणावर एवढा गदारोळ झाला की ते लगेच स्थगित झालं. दत्तक देण्यातली खोट उघड आहे. ज्याची ऐपत, त्याचीच बाग. आणि पालिका हात झटकून मोकळी.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने 1988 मध्ये वेगळी वाट धरली. तिथला ‘नेबरहूड मॅचिंग फंड’ सुरू झाला तेव्हा एवढंच म्हणत होता: वस्तीने जेवढा वाटा उचलला, तेवढी भर शहर घालील. खरी मेख त्या वाट्यात आहे. रोकडच पाहिजे असं नाही. माती वाहणाऱ्यांचे तास, आर्किटेक्टने फुकट काढून दिलेला नकाशा, दुकानदाराने दिलेले रंगाचे डबे, सगळ्याची किंमत धरली जाते. ज्या वस्तीत वर्गणीचं पुस्तक कोरंच राहतं, तिचाही वाटा अशाने भरतो. ऑरोरा पुलाखाली 1990 पासून मुठीत फोक्सवॅगन धरून बसलेला काँक्रीटचा राक्षस याच निधीच्या मदतीने उभा राहिला. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर चढतात.

पुलाखालची जागा आपल्यालाही नवी नाही. माटुंग्याला आंबेडकर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली नर्मदेच्या वळणांची पायवाट असलेली बाग आहे. ती जागा पार्किंग आणि अतिक्रमणात जाऊ नये म्हणून रहिवाशांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा पालिकेने पैसा घातला. म्हणजे माणसं होती, पैसाही होता. दोघांची गाठ घालून देणारी योजना तेवढी नव्हती. सगळं अर्ज-विनंत्यांवर चाललं. माटुंग्याला ते जमलं. गोवंडीसारख्या गरीब वस्तीला जमेल का? म्हणून मागणी अशी: सिएटलसारखी निम्म्या वाट्याची योजना पालिकेने सुरू करावी.

श्रमाचा हिशेब कसा करायचा, असं लेखापरीक्षक विचारतील. विचारायलाच हवं. हजेरीपटावर नाव, वेळ आणि सही घ्या, किमान वेतनाचा सरकारी दर लावा. गावाकडे जलस्वराज्य या पाणीपुरवठा प्रकल्पात लोकांनी दहा टक्के लोकवर्गणीचा हिशेब ठेवलाच ना? शहरातल्या माणसाला वही ठेवता येत नाही, असं थोडंच आहे!

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. आधी खर्च करा, बिलं दाखवा, मग पैसे, ही अट लहान मंडळांचा जीव घेते. निदान काही रक्कम आगाऊ हवी. दुसरी अडचण आपल्या उत्साहाची. उद्घाटनाच्या फितीला देणगीदार मिळतो, मे महिन्यातल्या टँकरला कोणी मिळत नाही. म्हणून पाणी, माळी आणि तुटक्या झोपाळ्यांची दुरुस्ती यांनाही निम्मं अनुदान मिळालं पाहिजे. आणि जमीन पालिकेचीच राहील, फाटकाला सभासदत्वाची पाटी लागणार नाही, हे करारातच लिहिलेलं असावं. या एका कलमावर आम्ही यजमान हटून बसणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

या मागणीच्या ठरावाचा कच्चा मसुदा तुमच्या पिशवीत आहे. समासात मोकळेपणी लिहा, खोडा, आणि जेवणापूर्वी दाराजवळच्या कार्यकर्त्यांकडे द्या. जेवण एक वाजता मागच्या दालनात. अध्यक्ष महोदयांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.