लेकीचा वांटा

(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं म्हणून परमेश्वराचे आभार मानण्यास आपण एकत्र आलों आहों. मंदिरास नवा रंग दिला आहे, पताका लागल्या आहेत, वाजंत्री वाजत आहे. परंतु 'ज्युबिली' हा शब्द ज्या ग्रंथांतून आपणांकडे आला, त्या ग्रंथांत त्याचा अर्थ काय आहे, हें पाहिल्यावांचून हा उत्सव पुरा व्हावयाचा नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली कीं, पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, दासांस मोकळें करावें, आणि ज्याची जमीन हातची गेली असेल त्यास ती परत मिळावी. म्हणजे ज्युबिलीचा संबंध पताकांशीं नसून प्रथमतः जमिनीशीं होता. म्हणून आज आम्ही जमिनीविषयींच बोलणार आहों. आणि जिच्या हातची जमीन भांडणतंटा न होतां केवळ एका सहीनें जाते, त्या आपल्या लेकीविषयीं.

उत्सवाच्या तयारीसाठीं आम्हीं बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. त्यांत मुलगा व मुलगी यांची नोंद एकाच शाईनें व सारख्याच शब्दांत आहे. पित्याच्या नांवाशेजारीं मातेचेंही नांव आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नांवापुढें आईचें नांव लिहिण्याचा नियम केला. ख्रिस्तसभेच्या वहींत तें स्थान तिला पूर्वींच मिळालें होतें. परंतु त्याच कुटुंबाचा सातबारा हातीं घेऊन पाहा. जी वहींत परमेश्वराची कन्या म्हणून नोंदली गेली, ती सातबाऱ्यावर पुष्कळदां सांपडतच नाहीं. मग ही मुलगी गेली कोठें?

ती एका दिवसांत नाहींशी होत नाहीं. मुलगा झाला कीं पेढे, मुलगी झाली कीं बर्फी, येथपासूनच भेदास आरंभ होतो. आमच्या स्वतःच्या घरांत आई सर्वांच्या मागून जेवीत असे, आणि भांड्याच्या तळाशीं काय उरलें आहे हें तिला कोणी विचारीत नसे. आमची थोरली बहीण अभ्यासांत आमच्याहून हुशार. गणित तर आम्ही तिच्यापाशींच शिकलों. परंतु सातवी होतांच तिची शाळा सुटली, कारण वाडींत माणूस हवें होतें आणि धाकटीं भावंडें सांभाळावयाचीं होतीं. आम्ही पुढें सेमिनरींत जाऊन तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलों. ती पहांटेच्या गाडीनें भाजीची टोपली घेऊन मुंबईच्या बाजारास जाऊं लागली. आमच्या आईबापांनीं हें दुष्टपणानें केलें नाहीं, त्या काळच्या रीतीनें केलें. परंतु रीत चालविणाऱ्याच्या मनांत वाईट नसलें, म्हणून जिच्या डोक्यावर तिचा भार पडतो तिला तो हलका होत नाहीं.

धर्मगुरू झाल्यावर आम्हांस याच गोष्टीचा शेवट निरनिराळ्या घरांत पाहावयास मिळाला. बाप वारतो, महिन्याची मिस्सा होते, बहिणींना माहेरीं बोलावणें येतें. जेवण होतें, साडी मिळते, आणि दुसऱ्या दिवशीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्रावर त्यांची सही होते. कागद वाचून दाखविण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाहीं. कित्येक ठिकाणीं तर तेवढेंही होत नाहीं. तलाठ्याकडे वारसांची नांवें देतांनाच मुलींचीं नांवें गाळलीं जातात. आम्ही एका धर्मग्रामांत असतांना एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आली. आईबापांची सेवा करण्यांत तिचें वय गेलें होतें आणि ती अविवाहित राहिली होती. वाडी विकली गेली, हें तिला शेजाऱ्याकडून कळलें होतें. ती म्हणाली, "फादर, मला पैसा नको होता, पण मला विचारलें तरी असतें." बंधूंनो, तिच्या या बोलण्यास उत्तर देणारें वचन आम्हांस कोणत्याही ग्रंथांत सांपडलें नाहीं.

कायदा काय म्हणतो हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. आपण ख्रिस्ती लोक १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालीं येतों. मृत्युपत्र न करतां पिता वारला, आणि मागें पत्नी व मुलें असलीं, तर पत्नीस एक तृतीयांश मिळतें, व उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत समान वांटले जातात. त्यांत पुत्र व कन्या असा भेद नाहीं. आपल्या हिंदु भगिनींना वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावें लागलें. आपल्या मुलींची समानता कायद्याच्या पुस्तकांत त्यापूर्वीं ऐंशीं वर्षें लिहिलेली होती. ज्यांच्यापाशीं दिवा आधीं आला तेच अंधारांत बसले, असें आपल्याविषयीं म्हणावें लागेल. हा कायदाही सर्वथा निर्दोष नव्हे. मूलबाळ नसलेलें अपत्य मृत्युपत्रावांचून वारलें आणि त्याचा बाप हयात असला, तर आईस कांहींच मिळूं नये, अशी तरतूद त्यांत घातली गेली. ती बदलावी अशी शिफारस विधि आयोगानें २०१४ सालीं केली.

कायदा मिळविण्यास काय पडतें, हें केरळांतील ख्रिस्ती भगिनींस विचारावें. त्रावणकोर संस्थानच्या १९१६ च्या कायद्यानें तेथील ख्रिस्ती मुलीस भावाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पांच हजार रुपये, यांतील जें कमी असेल तेंच मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेनें आपल्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि १९८६ सालीं न्यायालयानें १९२५चा कायदाच तेथेंही लागू आहे असा निर्णय दिला. त्या बाईंस समाजाचा रोष सोसावा लागला. आपल्या मुलींस न्यायालयाची पायरी चढावी लागूं नये, अशी आपली इच्छा असेल, तर त्यांचा वांटा आपण होऊन दिला पाहिजे.

पवित्र शास्त्रही याविषयीं मौन धरीत नाहीं. गणना ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सलाफहादाच्या पांच मुली मोशेपुढें व सर्व मंडळीपुढें उभ्या राहिल्या आणि आपल्या पित्याचा वांटा मागूं लागल्या. मोशेनें त्यांस दटावलें नाहीं. त्यानें त्यांचें गाऱ्हाणें परमेश्वरापुढें नेलें, आणि मुलींचें म्हणणें रास्त आहे असा परमेश्वरानें निवाडा दिला. त्यांस भाऊ नव्हता, असें कोणी म्हणेल. तर त्यानें ईयोबाच्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय वाचावा. ईयोबास पुन्हां सात पुत्र व तीन कन्या झाल्या. ग्रंथानें पुत्रांचीं नांवें दिलीं नाहींत, कन्यांचीं मात्र दिलीं आहेत, आणि त्यांच्या पित्यानें त्यांस त्यांच्या भावांबरोबर वतन दिलें असें सांगितलें आहे. दुःखाच्या भट्टींतून निघालेल्या मनुष्यास हें शहाणपण सुचलें.

आतां कांहीं आक्षेप ऐकूं. "मुलीच्या लग्नांत खर्च केला, दागिने घातले," असें म्हणतात. मग मुलाचें लग्न काय फुकट झालें? दागिना झिजतो, अडचणींत विकला जातो. जमीन पिढ्यानपिढ्या पोसते. "वांटा मागितला तर माहेर तुटेल," असें म्हणतात. ही धमकी मुलीसच कां? वांटा घेणाऱ्या भावाचें माहेर कधीं तुटत नाहीं! कोणी तर शास्त्राचा आधार घेतात, कीं भावाकडून वांटणी मागणाऱ्या मनुष्यास प्रभूनें नकार दिला. खरें आहे, परंतु त्याच ठिकाणीं प्रभूनें लोभापासून जपण्याचा इशारा दिला, आणि कोठारें वाढविणाऱ्या धनवान मूर्खाचा दाखला सांगितला. लोभ हा मागणाऱ्याच्याच ठायीं असतो, दाबून ठेवणाऱ्याच्या ठायीं नसतो, असें प्रभूनें कोठेंही म्हटलेलें नाहीं.

एखादी बहीण समजून उमजून आपला हक्क भावास देईल, तर तें प्रेमाचें दान आहे. आम्ही त्यास नांव ठेवीत नाहीं. एखाद्या भावानें आईबापांस म्हातारपणीं सांभाळलें असेल, वाडींत घाम गाळला असेल, तर त्याचाही विचार व्हावा. परंतु तो सर्वांसमक्ष व्हावा. जें मागितल्यावांचून घेतलें त्यास दान म्हणतां येत नाहीं.

यास्तव आमच्या कांहीं सूचना आहेत. पित्यानें धडधाकट असतांनाच, दोन साक्षीदारांसमोर, समान वांटणीचें मृत्युपत्र करावें; कारण कायद्याचा समान हिस्सा मृत्युपत्र नसेल तेव्हांच लागू होतो, आणि अन्यायाचें मृत्युपत्र तो हिरावून घेऊं शकतें. राहत्या घरावर पत्नीचें नांव चढवावें. वारसनोंद करतांना एकाही मुलीचें नांव गाळूं नये. हक्कसोडपत्र व्हावयाचेंच असेल, तर तें शोकाच्या दिवसांत करूं नये. मराठींत वाचून दाखवावें, आणि बहिणीस विचार करण्यास व सल्ला घेण्यास वेळ द्यावा. विवाहपूर्व शिबिरांत या विषयास एक तास देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जमिनीची समानता घराच्या समानतेवांचून टिकत नाहीं. मुलानें ताट उचलावें, मुलीनें पुस्तक उघडावें. मंदिरांतही हेंच. भारतांतील कॅथोलिक ख्रिस्तसभेनें २०१० सालीं स्त्रीपुरुष समानतेचें धोरण जाहीर केलें. पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं वाचक व वेदीसेवक हीं पदें स्त्रियांस खुलीं केलीं. मग झाडलोट व फुलांची सजावट बायकांनीं करावी, आणि हिशेब व ठराव मात्र पुरुषांनीं करावे, ही वांटणी आपण किती दिवस चालविणार? धर्मग्रामाच्या मंडळांत स्त्रियांस निम्म्या जागा मिळाव्यात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेवटीं एवढीच विनंती. हें महोत्सवी वर्ष संपण्यापूर्वीं एका संध्याकाळीं, रोझरी झाल्यावर, घरांतील कागदपत्रांची पेटी खालीं काढा. मुलांस व मुलींस, सासरीं गेलेल्यांसही, एकत्र बसवा, आणि प्रत्येकीस तिचें मत विचारा. इतकें ज्या घरांत होईल त्या घरीं ज्युबिली खरोखर आली असें आम्ही समजूं. जिनें नासरेथच्या घरांत प्रभूस वाढविलें ती पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंती करो, आणि परमेश्वर आपणांस न्यायानें वागण्याचें बळ देवो. आमेन.