वाद्यं घेऊन विमानाने जाताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



आरतीच्या वेळी मी डग्ग्या-तबल्यामागे बसलेला असतो, त्यामुळे मला बोलायची वेळ फारशी येत नाही. यंदा मात्र कार्यकारिणीने सांगितलं, ‘तबला घेऊन परदेशी जाऊन आलात, त्याबद्दल चार शब्द सांगा.’ विषय ऐकून कुणाला हसू येईल. पण आपल्यापैकी किती घरांतली मुलं आज पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत, जर्मनीत आहेत! तिथेही बाप्पा बसतात आणि मग इथे फोन येतो, ‘बाबा, येताना झांजा आणा. पेटी आणता येईल का?’

आपल्या वडिलांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर गाडीत चढायचं, पेटी बाकाखाली सरकवायची, तंबोरा वरच्या बर्थवर आडवा ठेवायचा. भुसावळ येईपर्यंत डब्यात भजन सुरू झालेलं असायचं. वाद्याला तिकीट नसे आणि त्याला कुणी उघडून बघत नसे. आता आपण इंदूरला किंवा मुंबईला जाऊन विमान पकडतो. तिथे वाद्य म्हणजे आधी एक सामान, आणि तेही संशयाने बघण्याजोगं.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी मुलीकडे जर्मनीला निघालो. नातवाला शिकवायचं म्हणून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जोडी सोबत घेतली. पितळी डग्गा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातला. शिसवी तबला जवळच्या पिशवीत, चुंबळीसकट. आणि त्याच पिशवीच्या कप्प्यात अण्णांची हातोडी.

सुरक्षा तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली. जवान तरुण होता, अदबीने बोलत होता. ‘अंकल, ये क्या है?’ मी तबला काढून दाखवला, थोडा वाजवूनही दाखवला. तो हसला, तबल्याला हरकत नाही म्हणाला. पण हातोडी केबिनमध्ये चालत नाही. मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून आत गेली होती. विमानाला थोडाच वेळ उरला होता, सौ. पुढे उभी राहून हाका मारत होती. मी हातोडी तिथल्या खोक्यात टाकली आणि पुढे निघालो. तिच्या दांड्यावर अण्णांच्या अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला होता.

त्या जवानाची काही चूक नव्हती. नियम त्याच्या बाजूने होता. चूक माझी, की निघण्याआधी मी कुणाला विचारलं नाही. तुमची तशी होऊ नये म्हणून हे सांगतोय.

पहिली गोष्ट, वाद्य केबिनमध्ये नेता येतं, पण अवजारं नाहीत. हातोडी, पकड, पेचकस, कानस, सुरी हे सगळं मोठ्या बॅगेत. जादा तारांची वेटोळीही तिथेच ठेवा, वाद घालावा लागत नाही. लेझीम आणि झांजाही मोठ्या बॅगेतच बऱ्या. साखळी आणि जाड पितळ यंत्रात दिसलं की पिशवी उघडणार हे धरून चाला.

दुसरी गोष्ट, वजन. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलोच देतात. पितळी डग्ग्यासकट जोडी त्याच्या वर सहज जाते, पेटी तर जातेच. म्हणून घरीच काटा लावून बघा. तंबोरा किंवा सतार असेल तर कंपनीला आधी फोन करून शेजारची सीट वाद्यासाठी घेता येते का ते विचारा. महाग पडतं, पण भोपळा फुटला तर मिरजेला पाठवूनही तोच आवाज परत येईल याची खात्री नाही. सामानात द्यावीच लागली तर कडक पेटीत द्या, तारा थोड्या उतरवा आणि घोडीखाली मऊ कापड घाला. 2014 मध्ये उस्ताद अमजद अली खाँसाहेब लंडनहून दिल्लीला उतरले, पण त्यांचा सरोद आला नाही. काही दिवसांनी तो सापडला. एवढ्या मोठ्या कलाकाराची ही गत, तर आपण सावध राहिलेलं बरं.

तिसरी गोष्ट, बारीकसारीक सामान. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही. बासरीच्या तेलाची बाटली जवळ ठेवायची तर शंभर मिलिलीटरपर्यंतच. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तबल्याच्या पावडरचा मोठा डबा हातात ठेवू नये. 2018 पासून तिकडच्या विमानांत साडेतीनशे मिलिलीटरच्या वर पावडर असेल तर वेगळी तपासणी होते.

चौथी गोष्ट, लाकूड आणि चामडं. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनात आल्या, तेव्हा वादक मंडळी फार धास्तावली होती. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंत असेल किंवा घोडी सांबरशिंगाची असेल, तर तो देशाबाहेर नेऊच नका. ऑस्ट्रेलियाला जाताना चामड्याचं आणि लाकडाचं वाद्य उतरल्यावर फॉर्मवर न चुकता लिहा. लिहिलं की बघून बहुधा सोडतात, लपवलं तर दंड होतो. किमती वाद्य परत आणायचं असेल तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना कुणी जकात मागणार नाही.

आता गोष्ट पुरी करतो. तिकडच्या थंड हवेत तबला उतरला होता. जावयांनी दुकानातून खिळे ठोकायची हातोडी आणली. तिच्या तोंडावर फडकं बांधून गजऱ्यावर हलके ठोके मारले आणि सूर लावला. आरती वेळेवर झाली. जमलेल्या मंडळींत वऱ्हाडचे, कोकणातले, बेळगावचे असे सगळे होते, आणि टाळ्यांचा ठेका मात्र आपल्याच मंडळासारखा पडत होता.

जोडी मी तिथेच ठेवून आलो. नातू आठवड्यातून दोनदा फोनवर माझ्यासमोर बसतो, आता त्रिताल नीट धरतो. परवा त्याने विचारलं, ‘आबा, पणजोबा कशाने ठोकायचे?’ मी म्हटलं, हातोडीने. ती कुठे आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मंडळी, घरात जुनी पेटी, जुना तबला धूळ खात पडला असेल तर तो मुलांपर्यंत पोचवा. फक्त निघण्याआधी आठ दिवस विमान कंपनीला फोन करा, आणि नाहीच उलगडलं तर मला विचारायला या. आरतीनंतर मी इथेच असतो.

गणपती बाप्पा मोरया!