इतिहासाच्या खेळाची पारख

आजचा माझा विषय कित्येकांस चमत्कारिक वाटेल. संगणकावरील इतिहासविषयक खेळांत हौशी लोक जे फेरफार करतात, ते तपासावे कसे, याविषयीं मी चार शब्द बोलणार आहें. खेळासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. परंतु आज कित्येक मुलांस रोमचें नांव पाठ्यपुस्तकाच्या आधीं अशा खेळांतच भेटतें. जें शिकवितें तें तपासलें पाहिजे, मग तें कागदावर असो वा पडद्यावर.

'सिव्हिलायझेशन' हा खेळ सिड मायर व ब्रूस शेली या अमेरिकन गृहस्थांनीं रचला. तो १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. एक राष्ट्र निवडावें, ख्रिस्तपूर्व ४००० पासून शहरें वसवावींत, विद्या संपादाव्या, शेजाऱ्यांशीं सख्य वा युद्ध करावें, असा त्याचा क्रम. २००५ सालच्या चौथ्या आवृत्तींत कोष्टकें व नियम वाटेल त्यास उघडून बदलतां येतील अशी सोय झाली. अशा बदललेल्या खेळास 'मॉड' म्हणतात. त्यांपैकीं 'राइज अँड फॉल ऑफ सिव्हिलायझेशन' हा मॉड २००७ सालीं मूळ खेळाच्या पुरवणीबरोबरच देण्यांत आला. त्यांत प्रत्येक राष्ट्र आपल्या ऐतिहासिक काळीं व स्थळीं उदयास येतें, आणि राज्याचें स्थैर्य ढासळलें तर तें कोसळतें.

तपासणीचीं कामें दोन: तोल पाहणें आणि दोष हुडकणें. प्रथम तोल घेऊं. पहिल्या आवृत्तींत ग्रीक भालाईतांच्या पलटणीचें बचावाचें बळ २ होतें, आणि युद्धनौकेचें हल्ल्याचें बळ १८. निकाल त्या प्रमाणांत एकदांच चिठ्ठी काढून लागे. म्हणजे सुमारें वीस वेळां झुंज लावली तर दोनदां भालाईत पोलादी नौका बुडवीत! गणित बिनचूक होतें, पण खेळणारा संतापे. १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत प्रत्येक तुकडीस प्राणबळ दिलें, व एका घावाऐवजीं अनेक घावांनीं निकाल लागूं लागला. नाणें एकदां उडविलें तर दैवाचें राज्य. शंभरदां उडविलें तर प्रमाण आपोआप प्रकट होतें, हें शाळेंतील मुलगाहि जाणतो. अशा वेळीं आंकडे बदलून भागत नाहीं, निवाड्याची रीतच बदलावी लागते.

दुसरी अडचण लहानलहान शहरांच्या सुळसुळाटाची. जितकीं शहरें अधिक तितका लाभ अधिक, असें होतांच विचार करण्याचें कारण उरत नाहीं. चौथ्या आवृत्तींत शहरांच्या संख्येबरोबर व राजधानीपासूनच्या अंतराबरोबर खर्च वाढविला, तेव्हां त्यास आळा बसला. दूरचे सुभे सांभाळणें महाग पडतें, हा इतिहासाचा धडाहि त्यांत सहज आला.

तोल साधतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर परिणाम कोणाचा हें कळत नाहीं. मायर यांचा नियम असा कीं, आंकडा बदलावयाचा तर दुप्पट करावा किंवा निमपट. किंचित् बदलानें कांहींच उमगत नाहीं. मोठ्या बदलानें दिशा तरी कळते. मग सर्व राष्ट्रें संगणकाच्याच हातीं देऊन खेळ अनेकदां चालवावा आणि कोण उदयास आलें, कोण बुडालें, याची नोंद ठेवावी.

आतां दोषांविषयीं. कोणती आवृत्ती, कोणती पाळी, काय अपेक्षित होतें व काय घडलें, हें लिहून त्या क्षणीं जतन केलेला डाव सोबत जोडावा. दुसऱ्यास तो दोष पुन्हां घडवितां आला नाहीं, तर तक्रार अपुरी. याचें उत्तम उदाहरण आपल्या देशाशीं संबंधित आहे. पहिल्या खेळांत गांधीजींची आक्रमकता १ होती, लोकशाही येतांच तींतून २ वजा होत, आणि शून्याखालीं जातां न आल्यानें ती एकदम २५५ होई. म्हणून गांधीजी अणुबाँबची धमकी देत, अशी कथा जगभर पसरली. २०२० सालच्या आपल्या आठवणींत मायर यांनीं असा दोष कधींच नव्हता असें स्पष्ट लिहिलें. २०१० सालच्या पांचव्या आवृत्तींत मात्र गांधींची अणुबाँबची आवड बुद्ध्याच वाढविली होती. वर्षानुवर्षें कथा फिरली, कारण पडताळून पाहण्याची तसदी फारच थोड्यांनीं घेतली.

श्रोतेहो, रोम दर खेपेस टिकत असेल, तर साम्राज्यें पडत नाहींत असें मुलगा शिकेल. तें दर खेपेस ठराविक सालींच पडत असेल, तर माणसाच्या कर्तृत्वास अर्थ नाहीं असें शिकेल. दोन्ही शिकवणी खोट्या. तपासणाऱ्यानें या दोहोंमधील वाट शोधावयाची असते. रोम पडण्याचा संभव दांडगा असावा, पण शहाण्या कारभाऱ्यास तें सांवरतां यावें. हें काम बहुधा बिनमोली व अनामिक राहतें. तें करणाऱ्या तरुणांस आपल्या घरांत 'नुसता खेळत बसतो' असें म्हणण्यापूर्वीं त्यांची नोंदवही एकदां पाहावी, एवढें सुचवून मी आपला निरोप घेतों.