वेळापत्रकातली जागा

ठिकठिकाणच्या शाळांतले मुख्याध्यापक, निदेशक आणि संस्थांचे विश्वस्त यांची ही परिषद पुण्यात भरते आहे ती केवळ रेल्वे आणि मुक्कामाची सोय आहे म्हणून नव्हे. शिरूर तालुक्यातले पाबळ इथून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे, हेही एक कारण आहे.

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग या अवर्षणप्रवण गावात आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. वय पन्नाशी ओलांडलेले, अमेरिकेतली डॉक्टरेट पदरी. अशा माणसाला स्वतःची निराळी शाळा काढणे अवघड नव्हते, देणगीदारही मिळाले असते. त्यांनी ते केले नाही. चालू माध्यमिक शाळेतच आठवड्यातला एक दिवस मागून घेतला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार विभाग, आणि शिकवायला निदेशक म्हणून गावपरिसरातलेच कारागीर. पुढे राज्य मंडळाने दहावीसाठी या विषयाला मान्यता दिली. विषय गुणपत्रिकेवर आला, की पालक विचारायचे थांबतात. मराठी पालकाला एवढे ओळखणारा संस्थाचालक विरळाच!

आठवड्यातला हा दिवस कसा जातो? शाळेचे मोडके बाक पटांगणात आलेले असतात. नववीतली मुलगी काळी काच डोळ्यांपुढे धरून वेल्डिंग करू पाहते. पहिल्याच टाक्याला रॉड पत्र्याला चिकटतो. निदेशक हातातून होल्डर काढून घेत नाही, मनगट हलवून सोडवायला सांगतो. पलीकडे एक गट हिमोग्लोबिन तपासतो, दुसरा मातीचा नमुना घेतो. काम झाले की वहीत खर्च मांडायचा: लोखंड, रॉड, वीज आणि मजुरी. मजुरी धरायला मुले हटकून विसरतात. गणिताचा तास तिथे सुरू होतो.

सुनंदा माने आणि राज गिल्डा यांच्या ‘लेंड ए हँड इंडिया’ या स्वयंसेवी संस्थेने हाच अभ्यासक्रम हाती घेऊन अनेक शाळांत नेला. दुसऱ्याचे काम पुढे नेले. स्वयंसेवी क्षेत्रात हे जरा दुर्मीळच, इथे जमलेल्यांनी रागावू नये.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले, आणि 2025 पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे उद्दिष्ट ठेवले. कागद अनुकूल आहे. अडते ते निदेशकापाशी. गवंडीकाम किंवा वायरिंग जाणणारा, मुलांशी बोलता येणारा माणूस तुटपुंज्या मानधनावर शाळेत टिकत नाही. त्याला बाहेर रोज जास्त मिळतो. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशीन येतात, त्यांचे उद्घाटन होते, फोटो निघतात. प्रकल्पाची मुदत संपली, की खोलीला कुलूप. यंत्राला पैसे देणारे शोधावे लागत नाहीत, माणसाच्या पगाराला देणारे शोधावे लागतात. संस्थांच्या नेतृत्वाचा कस लागतो तो तिथे: देणगीदाराला पगाराचे महत्त्व पटवणे, शिक्षण विभागाकडे फाइल हलवत राहणे, आणि मुख्याध्यापक बदलला तरी वेळापत्रकातला तो दिवस सुटू न देणे.

म्हणून स्वागत समितीने कार्यक्रमपत्रिकेत एक बदल केला आहे. पहिले सत्र धोरणाचे नाही, मानधनाचे आहे, आणि त्यात आधी निदेशक बोलतील. विश्वस्तांनी त्या वेळी पुढच्या रांगेत बसावे आणि फोन बंद ठेवावेत, एवढीच विनंती. चहा बाहेर तयार आहे.